एका बाजूच्या खुणा

रंगाऱ्याने चाळीस वर्षं भिंती रंगवल्या आणि पाट्या रंगवल्या. शाळांच्या, दवाखान्यांच्या, दुकानांच्या. त्याच्या हातची पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचता यायची, आणि याचा त्याला गर्व होता. नाही असं तो दाखवायचा एवढंच. डोंगरावर फिरणाऱ्यांच्या मंडळाने खिंडीपर्यंतच्या पायवाटेच्या खुणा नव्याने रंगवायचं काम त्याला दिलं, तेव्हा हे काम आपल्याकडेच येणार होतं असा चेहरा करून त्याने ते घेतलं.

वाट जुनी आणि वाईट. खालच्या झाडीत ठीक होती, पण वर दगडांचा पसारा लागला की वाट कुठली आणि पाण्याने पाडलेली घळ कुठली ते कळायचं नाही. आधीच्या खुणा धुऊन गेल्या होत्या. दर वर्षी कोणीतरी चुकायचं आणि हातपाय मोडून घ्यायचं.

नऊ दिवस रंगारी रोज सकाळी डबे घेऊन चढला. तारेच्या ब्रशाने दगडावरचं शेवाळ खरवडायचं, फडक्याने पुसायचं, पांढऱ्याचा एक हात द्यायचा, तो सुकेपर्यंत दम खायचा, मग वर नारिंगी पट्टा ओढायचा. एकशे बारा खुणा झाल्या. संध्याकाळी काम जिथे थांबेल तिथून तो वर खिंडीत जायचा आणि तारेवरच्या पाळण्यात बसून खाली यायचा. उतरताना त्याचे गुडघे कुरकुर करायचे आणि मंडळाने पाळण्याचा पास दिलाच होता. मंडळाचा चिटणीस दोघांना घेऊन काम बघायला आला, तोही चढून गेला, खुश झाला आणि पाळण्यातून खाली आला.

घरी त्याची मोठी बहीण होती. दोन खोल्यांचं घर, खाली सायकलचं दुकान, जिन्यात टर्पेंटाइनचा वास. ताईने तीस वर्षं एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या, वाळवल्या आणि घड्या घातल्या. रंगारी सहा वर्षांचा असताना आई अंथरुणाला खिळली, तेव्हा पंधरा वर्षांच्या ताईने त्याला वाढवलं. आता त्याची बायको गेल्यावर पुन्हा तीच त्याचं बघत होती. तो साठ ओलांडून गेला होता, तरी ती त्याला धाकट्या म्हणायची.

काम संपल्यावर आठ दिवस तो जेवताना खुणांबद्दल बोलत राहिला. शेवटी ती म्हणाली की नऊ दिवस दगडांना पावडर लावत होतास, मला एकदा दाखव तरी. तिचं वय, तिचं हृदय, रात्रीच्या जेवणाआधी घ्यायची ती पांढरी गोळी, हे सगळं त्याच्या डोक्यात आलं. पण कौतुक करून घ्यायचा मोह वाईट असतो. चढायला पाच तास घेऊ, बसत-बसत जाऊ आणि पाळण्यातून खाली येऊ, असा त्याने हिशेब मांडला. गोळ्या घरीच राहिल्या, कारण चारच्या आत परत यायचं होतं.

चढताना ताईने फारसं काही म्हटलं नाही. वीसेक खुणा झाल्यावर ती फक्त म्हणाली, "दिसतात." रंगाऱ्याला तेवढं पुरलं. वरच्या टप्प्यात पुरुषभर उंचीची एक दगडी पायरी लागते. तिथे त्याने खालून खांदा लावला आणि पुढे चाललेल्या दोन अनोळखी तरुणांनी वरून हात दिला, तेव्हा कुठे ताई वर गेली. वर गेल्यावर दहा मिनिटं तिला बोलता येईना. ओठ काळेनिळे पडले होते, पण ती सावरली.

खिंडीत पोचले तर पाळणा बंद. वारा सुटला होता आणि तारा गुणगुणत होत्या. पाळण्यावरचा माणूस रंगाऱ्याला ओळखत होता, नऊ संध्याकाळी त्यानेच त्याला खाली पोचवलं होतं. तो म्हणाला की आज काही पाळणा सुटत नाही, धुकंही चढतंय, माझ्या खोलीत शेगडी आहे, मावशींना घेऊन इथेच राहा, सकाळी बघू. रंगाऱ्याने ताईकडे बघितलं. गोळी घरी होती. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. आपणच रंगवलेल्या वाटेवरून उतरायला आपणच घाबरलो, हे गावभर झालं असतं.

"ती वाट मी डोळे मिटून उतरेन," तो पाळणेवाल्याला म्हणाला. "माझ्याच हातच्या खुणा आहेत."

सुरुवातीची वाट फरसबंदी होती, दोन्ही बाजूंना दगड लावलेले, चुकायचा प्रश्नच नव्हता. मग ती उंच पायरी आली. ताई तिच्यावरून बसून, घसरत, रंगाऱ्याच्या खांद्यावर पाय देऊन उतरली आणि म्हणाली की उतरणं बरं, याला श्वास लागत नाही. दोघं हसली. तिथून पुढे पाचपन्नास पावलांवर धुकं आलं. आलं म्हणजे खालून वर सरकत आलं, एखाद्याने खोलीत ओली चादर ओढत आणावी तसं. आणि पंधरा पावलांपलीकडचं दिसेनासं झालं.

रंगारी खूण शोधू लागला. तीस-चाळीस पावलांत एक, असं त्याने अंतर राखलं होतं. चाळीस झाली, साठ झाली. राखाडी दगड, त्यापुढे राखाडी दगड. प्रत्येक दगडाची पाठ त्याच्याकडे. ताई मागे राहिली म्हणून तो थांबला, वळला, आणि तिच्या खांद्यामागे त्याला नारिंगी पट्टा दिसला. स्वच्छ, सरळ, पांढऱ्यावर उठून दिसणारा. आत्ताच ती दोघं त्या दगडाला घासून खाली आली होती.

भिंतीला एक तोंड असतं. पाटीला एक तोंड असतं. चाळीस वर्षं तो तोंडाला रंग लावत आला होता, पाठीला कोण रंग लावतं? डोंगर चढता चढता जो दगड समोर आला, त्याच्या समोरच्या अंगाला त्याने पट्टा ओढला आणि पुढचा दगड बघितला. एकशे बारा खुणा, आणि एकशे बाराच्या एकशे बारा खालून वर येणाऱ्यासाठी. वरून खाली जाणाऱ्याला त्यांतली एकही दिसणार नव्हती. या वाटेने तो आयुष्यात एकदाही उतरला नव्हता. चिटणीसही उतरला नव्हता.

परत वर जायचं म्हटलं तर ती पायरी होती. वरून हात द्यायला कोणी नव्हतं आणि ताईचे ते ओठ त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. फोन काढून बघितला, रेंज नव्हती. त्याने तो खिशात टाकला आणि ताईला काही सांगितलं नाही. थोडं पुढे जायचं, वळून बघायचं, मागे खूण दिसली की समजायचं आपण वाटेवर आहोत, असं त्याने सुरू केलं. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा वळला तर मागे काहीच नव्हतं. तो उजवीकडे गेला, डावीकडे गेला, पुन्हा वर चढला आणि खूण सापडल्यावर त्याच्या कपाळावरून घाम निथळला.

"सारखं वळून माझ्याकडे काय बघतोस?" ताई म्हणाली. "मी काय पळून जातेय का?"

ताई दगडावर टेकली, हातातली छत्री आडवी मांडीवर घेतली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. लहानपणी काहीतरी फोडून आला की ती असंच बघायची.

"वाट हरवलीय," ती म्हणाली.

"वाट नाही हरवली. खुणा एकाच बाजूने आहेत." मग त्याला सगळं सांगावंच लागलं. सांगताना त्याचा आवाज लहान मुलासारखा होत गेला, ते त्यालाही कळलं.

ताई रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. वारा दगडांतून शिट्टी घालत होता. तिने विचारलं की उजेड किती वेळ आहे. तीन तास, तो म्हणाला. धुक्यात अडीच धर. मग ती उठली आणि म्हणाली की मग असं दोघांनी एकदम भटकून चालायचं नाही, चादर दोघांनी धरली की एकाने हलायचं आणि एकाने जागा सोडायची नाही.

अशी त्यांनी रीत बसवली. ताई खुणेला हात लावून उभी राहायची. रंगारी एकटा खाली जायचा, आडवा-तिडवा फिरून, दर चार पावलांवर मागे वळून, पुढची खूण सापडेपर्यंत. सापडली की तिच्याजवळ उभा राहून हाक मारायचा आणि ताई त्या हाकेवर खाली यायची. पण खूण नाहीच सापडली तर धुक्यात ताईकडे परत कसं जायचं? त्यावर तिने मोजायला सुरुवात केली. धुलाईखान्यात घड्या घालताना मोजायची तसं, मोठ्याने, एका लयीत. एक जोडी, दोन जोडी, तीन जोडी. हा आवाज जिकडे, तिकडे ताई. आवाज बारीक झाला की रंगारी फार लांब आला.

पहिल्या सहा-सात खुणांना वेळ लागला, पण सापडल्या. एकदा तो घळीत उतरला आणि खडी त्याच्या पायांखालून सुटली. खडी खाली जात राहिली, जात राहिली, आणि तळाला लागल्याचा आवाज आलाच नाही. तो दगडाला मिठी मारून बसला. वरून आवाज येत होता, एकोणीस जोडी, वीस जोडी. त्या आवाजाला धरून तो चार पायांवर वर आला. ताईला त्याने यातलं काही सांगितलं नाही. तिने त्याचे सोललेले तळवे बघितले.

हळूहळू मोजणी बदलली. आधी ती एका दमात पाच जोड्या मोजायची, मग तीन, मग दोन. मध्ये श्वास घ्यायला थांबायची. ते थांबणं रंगाऱ्याला ऐकू यायचं, आणि पुढचा आकडा येईपर्यंत तो जागचा हलायचा नाही. आपण काय केलं हे त्याला अशा थांब्यांत समजत होतं. कुठल्या तरी अनोळखी माणसाचे हातपाय मोडू नयेत म्हणून त्याला हे काम दिलं होतं. आणि त्याने त्या डोंगरावर एकशे बारा ठिकाणी लिहून ठेवलं होतं, या, वर या. परत कसं जायचं ते कुठेच लिहिलं नव्हतं.

उजेड मळका व्हायला लागला. एका खुणेनंतर खूपच शोधावं लागलं. रंगारी उतरत-उतरत, नकळत एका नाल्याच्या टोकाला वळसा घालून, पलीकडच्या उंचवट्यावर गेला, वळला, आणि त्याला खूण दिसली. अरुंद नाल्याच्या पलीकडच्या काठावर, डाव्या अंगाला, एका मोठ्या सपाट दगडावर. धुकं तेवढ्यापुरतं विरळ झालं होतं. इतकी मोठी, इतकी ठळक खूण दुसरी नव्हती. त्याला रडू यायचं बाकी राहिलं.

"ताई, सापडली," तो ओरडला. "तू आहेस तिथून सरळ खाली ये, मोठा सपाट दगड आहे, त्याच्यापाशी थांब. मी येतो."

"येते," वरून आवाज आला. आणि मोजणी हलायला लागली. चार जोडी. पाच जोडी. ती चालताना मोजत होती म्हणजे त्याला कळावं की ती येते आहे.

रंगारी त्या खुणेकडे बघत राहिला. इतका आनंद झाला होता की काहीतरी खटकतंय हे कळायला त्याला वेळ लागला. पट्ट्याच्या खालच्या कडेला तीन ओघळ होते. रंगाचे, वितीएवढे लांब, सुकलेले.

त्याच्या कामात ओघळ नसतात. चाळीस वर्षांत नाहीत. रंग ओघळला तर तो तिथल्या तिथे अंगठ्याने उचलायचा. हे त्याने का नाही उचलले? आणि मग त्याला आठवलं. हात पोचत नव्हता. दगड फार छान होता, गुळगुळीत, पाटीसारखा, लांबून दिसणारा, आणि त्याला तो सोडवेना. म्हणून त्याने ब्रश लांब काठीला बांधला आणि नाल्याच्या या काठावर उभं राहून, पलीकडच्या त्या दगडावर पट्टा ओढला होता. आत्ता उभा होता तिथेच उभं राहून. वाट त्या दगडापाशी जातच नव्हती. वाट वरून येताना त्या दगडाच्या कितीतरी आधीच वळून, नाल्याच्या वरच्या टोकाला फेरी घालून इकडे येत होती. दगडाखाली जमीन नव्हती. दगडाखाली नाल्याची उभी भिंत होती, दोन मजले खोल, आणि त्याने स्वतःच्या बहिणीला त्या दगडापाशी जाऊन थांबायला सांगितलं होतं.

"थांब," तो ओरडला. "ताई थांब. हलू नकोस."

सात जोडी, असा अर्धवट शब्द आला आणि मोजणी बंद झाली.

एक दगड पडल्याचा आवाज आला. मग दुसरा, अजून खालून. मग काही नाही.

रंगाऱ्याने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. धुकं परत दाटलं आणि ती खूणही गेली. सहा वर्षांचा असताना एकदा तो बाजारात ताईच्या हातातून सुटला होता आणि चहूकडे नुसते पाय दिसत होते, तेव्हा ताई शोधत आली होती, आता त्याला शोधत येणारं कोणी उरलं नव्हतं. आपण कुठून वर चढलो हे त्याला नंतर सांगता आलं नाही. नाल्याच्या टोकाला वळसा घालून, हातांनी दगड चाचपत, तो मोजत गेला. तिच्याऐवजी तोच मोठमोठ्याने मोजत होता. आठ जोडी, नऊ जोडी, दहा जोडी, ऐकू येईल तिला, कुठेही असली तरी ऐकू येईल.

"ओरडू नकोस," अगदी जवळून आवाज आला. "श्वास घेऊ दे मला."

ताई त्या सपाट दगडाच्या माथ्यामागे बसली होती. छत्रीचं टोक पुढे टेकवायला गेली तर खाली काहीच लागलं नाही, आणि त्याच वेळी त्याची हाक आली, म्हणून ती होती तिथेच मागे बसली. एक पाय कडेबाहेर लोंबत होता. तो मागे घ्यायचं तिच्या अंगात राहिलं नव्हतं. छत्री खाली गेली होती. ओठ पुन्हा काळेनिळे झाले होते. रंगाऱ्याने तिच्या काखांत हात घालून तिला मागे ओढली आणि दोघं दगडाला टेकून बसून राहिली. तिचं हृदय त्याला त्याच्या दंडावर जाणवत होतं, पिशवीत पाखरू कोंडावं तसं.

"तू बोलावलंस म्हणून आले," ती बऱ्याच वेळाने म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. तेच त्याला सोसेना.

यानंतर त्याने तिला एकटीला सोडलं नाही. हळू जाऊ, अंधार झाला तर झाला, पण एकमेकांना धरून जाऊ. तिने त्याची बाही मुठीत धरली. पाच पावलं खाली, वळून बघायचं, खूण नसेल तर पाचच पावलं परत. अशी ती दोघं त्या डोंगरावरून इंचाइंचाने उतरली. दगड संपून पायाला माती लागली, मग मुळं लागली, आणि झाडीत शिरल्यावर धुकं वरच राहिलं. तिथून वाट आपली आपण सांगत होती. शेवटचा उजेड असतानाच खालचा डांबरी रस्ता आला, बसचा थांबा आला आणि थांब्यावरचं बाकडं. ताई त्यावर बसली. औषधाचं दुकान समोरच होतं. दुकानदाराने रिकाम्या पाकिटाचा फोटो मागितला, तो रंगाऱ्याकडे नव्हता, पण ताईला गोळीचं नाव पाठ होतं. तिने गोळी घेतली, पाणी प्यायली, आणि पंधरा मिनिटांनी तिच्या ओठांना माणसाचा रंग आला.

तेवढ्यात फोन वाजला. पाळणेवाला होता. त्याने विचारलं की पोचलात का काका, मावशी बऱ्या आहेत ना. पोचलो, रंगारी म्हणाला. तिकडून मोकळा हसल्याचा आवाज आला. तो म्हणाला की बरं झालं, कारण इथे माझ्याकडे एक जोडपं अडकलंय, मघापासून उतरायचं म्हणतायत, त्यांच्याकडे बॅटरी आहे. मी म्हटलं थांबा, सत्तरीची बाई उतरली का ते बघू, त्या उतरल्या म्हणजे वाट चांगलीच आहे. "मग सोडू ना त्यांना? खुणा तुमच्याच आहेत म्हणून सांगितलंय मी."

रंगाऱ्याने ताईकडे बघितलं. ती ऐकत होती. तिने मान हलवली नाही, डोळ्यांनी काही सांगितलं नाही. रस्त्यावरून एक बस गेली, आतले दिवे लागलेले.

"नको सोडूस," तो म्हणाला.

काय झालं, तिकडून विचारणा झाली. धुकं फार आहे का?

"धुक्याचं नाही." "खुणा चुकीच्या काढल्यात. उतरताना एकही दिसत नाही. एक तर अशी आहे की तिच्या मागे गेलं तर माणूस खाली जाईल. मी काढल्यात त्या. त्यांना तसंच सांग, रंगाऱ्याने स्वतः सांगितलंय म्हणून सांग. आणि शेगडी पेटव."

मग पाळणेवाला हळू आवाजात म्हणाला की बरं, काका, दाराला कडीच लावतो.

फोन ठेवून रंगारी बाकड्यावर बसला. आता चिटणीसाकडे जायचं होतं, आज, आत्ता, वाट बंद करा म्हणून सांगायला, आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला. तो उठायला गेला तर उठता येईना. त्याची बाही अजून ताईच्या मुठीत होती. त्याने बोटं सोडवून बघितली, ती सुटेनात. मग तो तसाच तिच्याजवळ बसून राहिला, ती आपण होऊन सोडेपर्यंत.